गहाण पडलेली लेकरे

(शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ५ वा)



दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातील गावांचे रूप पालटते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज ह्या डोंगरपट्ट्यातील वाड्यावस्त्यांवर ट्रक व ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, पत्रे, बाजरीची पोती, कोंबड्या, शेरडे आणि ह्या सर्वांच्या वर बसलेली लेकरे, असा तो संसार कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटक ह्यांकडील साखर कारखान्यांच्या वाटेस लागतो. दुसऱ्या दिवशी गावातून फिरावे तर दारोदार कुलपे व ओट्यांवर बसलेली म्हातारी माणसे एवढेच दृष्टीस पडते. रविवारी उपासनेस उभे राहावे तर निम्मी मंडळी गेलेली असते, आणि शब्बाथशाळेच्या सतरंजीवर जी लेकरे मागच्या आठवड्यात दाटीवाटीने बसली होती, त्यांच्या जागा रिकाम्या असतात. हे दरवर्षीचे आहे, म्हणून आम्हांस त्याची सवय झाली आहे. परंतु देवाच्या लोकांस ज्या गोष्टींची सवय होऊ नये अशा काही गोष्टी आहेत, व आजच्या शास्त्रपाठात त्यांपैकी एक आमच्यापुढे येते.

१. नहेम्याच्या कानी पडलेला आक्रोश

नहेम्या यरुशलेमेची पडकी भिंत बांधीत होता. भोवताली शत्रू टपलेले होते, व बांधकाम करणाऱ्यांस शस्त्र जवळ बाळगूनच काम करावे लागत होते. अशा धामधुमीत एक मोठा आक्रोश त्याच्या कानी आला. तो बाहेरच्या शत्रूंविरुद्ध नव्हता. लोकांची ओरड आपल्याच भाऊबंदांविरुद्ध होती, आणि ओरडणाऱ्यांत लोकांच्या बायकाही होत्या असे पवित्र लेखकाने मुद्दाम नमूद केले आहे. कोणी म्हणत होते की खाणारी तोंडे पुष्कळ आहेत व धान्य नाही. कोणी म्हणत होते की दुष्काळापायी शेते, मळे व घरे गहाण पडली. कोणी राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले होते. वाटा तीन होत्या, पण तिन्ही एकाच ठिकाणी जाऊन पोहोचत होत्या : आपल्या मुलामुलींस दास्यात द्यावे लागत होते, आणि त्यांत काही मुली तर आधीच गेल्या होत्या.

हे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, घरावर संकट येते तेव्हा त्या घरातली मुलगी प्रथम जाते. नहेम्याच्या काळी असे होते व आजही तसेच आहे. दुसरी गोष्ट अशी की, नहेम्याने त्या आईबापांस दोष दिला नाही. तुम्ही आपली लेकरे का दिली, असे त्याने त्यांस विचारले नाही. लेकरू देण्यावाचून ज्यांस गत्यंतर राहिले नव्हते, त्यांची ती स्थिती कोणी केली, ह्याचा त्याने शोध घेतला, आणि ज्यांच्या हाती उपाय होता त्यांस भर सभेत उभे करून जाब विचारला. त्यास फार संताप आला, असे शास्त्र सांगते. नंतर त्याने मनाशी विचार केला, असेही सांगते. संताप व विचार ही दोन्ही त्या देवाच्या सेवकाच्या ठायी होती. आमच्या ठायी पुष्कळदा ह्यांपैकी एकही नसते.

२. आमच्या जिल्ह्यातील गहाणखत

उचल म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. पावसाळ्यात घरात पैसा नसतो. दवाखाना, लग्नकार्य, जुने देणे, सर्व एकदम उभी राहतात. मुकादम उचल देतो व नवराबायको मिळून एक कोयता ठरतो. पुढे पाचसहा महिने ती उचल अंगमेहनतीने फेडावयाची. एक दिवस दुखण्याने फडात जाता आले नाही तर खाडा पडतो व त्याचा दंड त्याच हिशेबात चढतो. हंगाम संपून गावी यावे तर बाकी शिल्लकच, म्हणून पुन्हा पुढच्या वर्षाची उचल. गहाणखताचा कागद कोणी लिहीत नाही, परंतु माणसे गहाण पडतात.

ह्या व्यवहारात मुलीचे काय होते ते पाहा. कोयता जोडीने लागतो, म्हणून ज्या घरात तरुण मुलगा आहे त्या घरास सून लवकर हवी असते. ज्या घरात वयात येणारी मुलगी आहे त्या घरास वेगळीच धास्ती असते. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका आईने आम्हांस जे सांगितले ते आम्ही तिच्याच शब्दांत देतो. ती म्हणाली, “पाळकसाहेब, पोरीला घरी ठेवावं तर घरात म्हातारी सासू, तिला डोळ्यानं दिसत नाही. संगं न्यावं तर कोपीला दार नाही, अन् आम्ही पहाटंच फडात. मग तुम्हीच सांगा, पोरगी कुठं ठेवू?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. तिने आपल्या परीने उत्तर शोधले, व त्याविषयी आम्ही पुढे सांगणार आहो.

आमच्या जिल्ह्यात अशा किती आया आहेत? सन २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांची लग्ने वयाच्या १८ वर्षांपूर्वी झाली होती. सर्व महाराष्ट्राचे प्रमाण २१.९ टक्के होते. म्हणजे राज्यात शंभरामागे बावीस, तर आमच्या जिल्ह्यात शंभरामागे चव्वेचाळीस. पुढे ह्याच मुलींचे शरीर किती सोसते, ह्याची साक्षही झाली आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रकार २०१९ साली उघडकीस आला, तेव्हा शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोवळ्या वयात लग्न, त्यामागोमाग बाळंतपणे, डोक्यावर मोळ्या, आणि दुखणे आले तरी खाड्याची भीती. ह्या साखळीची पहिली कडी मुलीच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी घातली जाते.

लेकरांवरील अत्याचार म्हटले म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे कोणी एखादा क्रूर मनुष्य येतो. तसे मनुष्य आहेत, व त्यांच्यासाठी कायदा आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यातील एका बालवधूची जी हकीकत वर्तमानपत्रांतून सर्व देशात गेली, ती येथे पुन्हा सांगून आम्ही तिच्या जखमेवरची खपली काढणार नाही. एवढेच म्हणतो की, जिला लहानपणीच घराबाहेर काढले गेले तिला पुढे कोणीही लुबाडावे अशी स्थिती येते. क्रूर मनुष्य अंधारात उभा असतो हे खरे. परंतु लेकरू त्या अंधारात कसे येऊन पडले हेही विचारावयास हवे. भूक, कर्ज, बंद शाळा व बिनदाराची कोपी ही त्यास तेथवर आणून सोडतात.

३. आमचा स्वतःचा दोष

वर ज्या आईविषयी सांगितले तिची मुलगी आठव्या इयत्तेत होती. शब्बाथशाळेत ती पुढच्या रांगेत बसे व वचने पाठ म्हणण्यात तिचा पहिला क्रमांक असे. त्या वर्षी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर होणार, असे सर्व जण म्हणत होते. ज्यांस ह्या व्यवस्थेची माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगतो : आईबाप ऊसतोडीस गेले असता लेकरे गावीच आजीआजोबांजवळ राहतात, व शासनाच्या शिक्षणखात्याच्या पैशातून शाळेतच त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची व अभ्यासाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत केली जाते. व्यवस्था साधी आहे, खर्चही फार नाही. परंतु दसरा गेला, दिवाळी गेली, मंजुरी आली नाही. मुकादमाची गाडी मात्र ठरल्या दिवशी आली. निघण्याच्या चार दिवस आधी त्या मुलीचे लग्न दूरच्या एका गावी उरकण्यात आले. निघताना घरी प्रार्थना करावी म्हणून आम्हांस बोलावणे आले. आम्ही गेलो. हळद लागलेली ती मुलगी दाराआड उभी होती. आम्ही डोळे मिटले, आशीर्वाद मागितला व चहा घेऊन परत आलो.

प्रिय वाचकहो, त्या मुलीचा बाप्तिस्मा आमच्याच मंदिरात झाला होता. बाप्तिस्म्याची नोंदवही आमच्याच कपाटात होती व तीत तिच्या जन्माची तारीख स्पष्ट अक्षरांत लिहिलेली होती. कपाट उघडण्यास एक क्षण पुरला असता. आम्ही ते उघडले नाही, कारण आत काय लिहिले आहे हे आम्हांस ठाऊक होते. सहा आठवड्यांनी, डिसेंबरात, त्या शाळेचे वसतिगृह सुरू झाले. पुढच्या वर्षी तिचे पहिले बाळ जन्मले व तिसऱ्या दिवशी गेले. त्याची लहानशी पेटी आम्हीच मातीस दिली.

दोन कोसांवरील दुसऱ्या गावी त्याच वर्षी वसतिगृह वेळेवर सुरू झाले होते. तेथील मुख्याध्यापकांनी उधारीवर किराणा घेऊन, स्वतःच्या शब्दावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटविली. त्या गावातील त्याच इयत्तेतील एक मुलगी आजीजवळ राहिली. आज ती परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. दोन मुली, दोन्ही घरे सारखीच गरीब, दोन्ही आया सारख्याच मायाळू. दोघींमध्ये अंतर पडले ते सहा आठवड्यांचे. त्या गावी एका शिक्षकाने आपल्या पदरची उधारी जोखमीत घातली म्हणून एक मुलगी वाचली. परंतु लेकरांचे तारण शिक्षकांच्या उधारीवर अवलंबून ठेवणे हा न्याय नव्हे. पैसा गाडीच्या आधी पोहोचला पाहिजे. आजच्या उपदेशात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे, व बाकीचे सर्व त्याच्या आधारासाठी आहे.

४. राजापाशी मागणे अविश्वास आहे काय?

येथे काही बंधू म्हणतील की, पाळकाने सरकारी पैशाविषयी कशास बोलावे? मंडळीने प्रार्थना करावी, दानधर्म करावा व राज्यकारभार राज्यकर्त्यांवर सोडावा. त्यांस आमचे उत्तर नहेम्याच्याच दुसऱ्या अध्यायात आहे. नहेम्याने प्रथम उपवास व प्रार्थना केली, आणि मग अर्तहशश्त राजापाशी सुट्टी मागितली, पत्रे मागितली व राजाच्या रानातील लाकूडही मागितले. रानाचा अधिकारी आसाफ ह्याच्या नावे त्याने लेखी हुकूम घेतला. राजा परधर्मी होता, तरी देवाच्या नगराच्या वेशींस राजाच्या रानातील लाकूड लागले, ह्यात नहेम्यास संकोच वाटला नाही. उलट ही देवाच्या कृपेची खूण आहे असे त्याने लिहून ठेवले.

आमच्या स्वतःच्या इतिहासातही हेच आहे. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरले, व मिशनच्या कितीतरी शाळा त्या अनुदानावर चालल्या. ज्या पंडिता रमाबाईंचे नाव आम्ही आदराने घेतो, त्यांचे उदाहरण पाहा. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या, व पुढे १९०० च्या दुष्काळातही गुजरातेतून आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी ह्या मुलींस आईप्रमाणे वाढविले. ती त्यांची स्वतःच्या हातांची सेवा. परंतु ह्याच रमाबाईंनी त्याआधी, १८८२ साली, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे पुण्यास साक्ष देऊन मुलींसाठी शिकलेल्या शिक्षिका हव्यात व स्त्रियांस वैद्यकीचे शिक्षण मिळावे, अशी मागणी केली होती. सरकारपाशी मागणे व स्वतः पदर खोचून उभे राहणे ह्यांत त्यांनी विरोध मानला नाही. आम्हीही मानू नये.

दुसरे कोणी म्हणतील की, कायदा आहेच, तो पुरेसा आहे. कायदा जुना आहे हे खरे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरविले, १९७८ साली ते १८ झाले, व २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने शिक्षा व अधिकारीही ठरवून दिले. लेकरांवरील लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. ह्या सर्वांबद्दल आम्ही कृतज्ञ आहो. परंतु कायदा मांडवात येऊन लग्न थांबवितो. त्या रात्री मुलगी कोठे झोपेल व उद्या काय खाईल, हे तो पाहत नाही. गाडी दारात उभी असता थांबविलेले लग्न पुष्कळदा कोपीवर जाऊन लागते. मनाई व मदत ही दोन्ही एकत्र चालली तरच लेकरू वाचते.

तिसरे म्हणतील की, पैसा आला तर तो खाल्ला जाईल. ह्या शंकेत तथ्य नाही असे आम्ही कसे म्हणावे? कागदावर मुले जेविली व प्रत्यक्षात चूल पेटलीच नाही, अशा तक्रारी आमच्याच जिल्ह्यातून छापून आल्या आहेत. पण ह्यावर नहेम्याने काय केले? चोर आहेत म्हणून त्याने भिंत बांधणे सोडले नाही. सुभेदारास मिळणारा जेवणखाण्याचा भत्ता त्याने स्वतः बारा वर्षे घेतला नाही, कारण लोकांवर ओझे जड होते. आणि सावकारांचे वचन त्याने खाजगीत घेतले नाही. याजकांस बोलावून, सर्वांसमक्ष शपथ घेवविली. म्हणजे हिशेब उघड्यावर झाला. जो पैसा लेकरांचा आहे तो लेकरांच्या ताटात पडतो की नाही हे पाहण्यास गावातील प्रत्येक मंडळीने आपली दोन माणसे द्यावी. लबाडीवर उपाय राखण हा आहे. पेरणीच बंद करणे हा नव्हे.

५. काय मागावे

मागणी मोघम असली की उत्तरही मोघम मिळते, म्हणून आम्ही चार गोष्टी नावानिशी सांगतो.

पहिली : हंगामी वसतिगृहांचा पैसा दसऱ्यापूर्वी शाळांच्या हाती पडावा. ऊस कधी तुटू लागतो हे सर्वांस ठाऊक आहे. तो काही अकस्मात येणारा पूर नव्हे. जाणाऱ्या कुटुंबांची पाहणी सप्टेंबरातच संपवावी, व मंजुरी त्यामागोमाग यावी.

दुसरी : ही हंगामी वसतिगृहे आठव्या इयत्तेपर्यंतच्या लेकरांसाठी आहेत. परंतु मुलीचा खरा धोका आठवीनंतर सुरू होतो. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली. तीत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, म्हणजे तालुक्यास मुलांचे एक व मुलींचे एक, प्रत्येकी १०० जागांचे, असे ठरले. ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु आमच्या एकेका तालुक्यातून किती मुली मागे राहू शकतील त्याचा विचार करा, व मग शंभर जागा किती पुरतील ते पाहा. ह्या जागा वाढवाव्या, आणि नववी ते बारावीच्या मुलींस प्रथम घ्यावे.

तिसरी : जी तान्ही व लहान लेकरे आईबरोबर जाणारच, त्यांच्यासाठी तळावर पाळणाघर, अंगणवाडी, पिण्याचे पाणी व दाराची मोरी असावी. ह्यासाठी पैसा कोठून आणावा असे कोणी विचारील, तर त्याची वाट शासनानेच आखून ठेविली आहे. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ २०१९ साली स्थापन झाले, आणि कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये द्यावे व तितकीच भर शासनाने घालावी, असे ठरले. ज्या उसाने साखर होते त्याच उसातून हा पैसा यावयाचा आहे. तो पुरता गोळा व्हावा व फडातील लेकरांपर्यंत यावा, एवढेच मागणे आहे.

चौथी : कुटुंब तुटण्याच्या आधी त्यास हात द्यावा. ज्या लेकराचा बाप गेला आहे किंवा ज्यास सांभाळणारे कोणी नाही, त्यास नातेवाइकांच्या घरीच वाढता यावे म्हणून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्यास २,२५० रुपये देण्याचे २०२३ साली ठरले. ही रक्कम आजीच्या हाती महिन्याच्या महिन्यास पडली तर नात लग्नाच्या बोहल्यावर चढत नाही. वर्षाने एकदम पडली तर तोवर सावकार येऊन गेलेला असतो. म्हणून येथेही आमचे मागणे वेळेचेच आहे.

६. आम्ही काय करावे

सरकारकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होणार नाही. नहेम्याने सावकारांस बोल लावताना आपण स्वतः व आपले भाऊ ह्यांसही त्या हिशेबात धरले, हे विसरू नये.

प्रत्येक पाळकाने, उपदेशकाने व वडिलाने आपल्या मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही दसऱ्यापूर्वी उघडावी, व बारा ते अठरा वर्षांच्या मुलींची यादी करावी. त्या घरी जावे. मुलगी कोठे राहणार, कोणाजवळ राहणार, हे विचारावे. ज्या घरी डोळे नसलेली आजी आहे, तेथे शेजारची एखादी विधवा भगिनी रात्री सोबतीस निजू शकेल की नाही ते पाहावे. शाळेचे वसतिगृह उशिरा सुरू होणार असेल तर तोवरच्या आठवड्यांचे पीठमीठ मंडळीने उभारावे. हंगामाचे आभारदान ह्याहून चांगल्या कामी कोठे लागणार? आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या साखरपुड्यास वा लग्नास आमच्यापैकी कोणी प्रार्थनेस जाऊ नये. चहासही जाऊ नये. ज्यावर देवाचा आशीर्वाद नाही त्यावर आम्ही तो मागितला, हा आमचा दोष आम्ही वर कबूल केलाच आहे.

लग्न ठरल्याचे कानी आले तर गावातील ग्रामसेवक, ज्यांस आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांस कळवावे. बालविवाह रोखण्याचे काम कायद्याने त्यांच्याकडे दिलेले आहे. लेकरू संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक कोणत्याही वेळी, फुकट, लावता येतो. हा आकडा प्रत्येक शब्बाथशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा व मुलांकडून वचनाप्रमाणेच पाठ करून घ्यावा. सांगणाऱ्यास भाऊबंद नावे ठेवतील. नहेम्यासही ठेविली. परंतु आमच्या प्रभूने लेकरांस आपल्याजवळ घेतले, आणि जो अशा लहानांस अडखळवील त्याच्याविषयी जात्याच्या तळीचे जे भयंकर भाषण केले, ते आठवले म्हणजे भाऊबंदांची नावे हलकी वाटतात.

येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा भरेल. पुष्कळ ठिकाणी ती झेंडावंदनानंतर पाच-दहा माणसांत उरकली जाते. ह्या वर्षी आमच्या मंडळ्यांतील बंधूंनी व विशेषतः भगिनींनी तीत जावे. नहेम्याच्या सभेत बायकांचा आक्रोश ऐकू आला म्हणूनच ती सभा भरली होती. वरील चार मागण्यांपैकी निदान पहिली लेखी ठरावाने मांडावी, तिच्यावर गावातील सर्व जातिधर्मांच्या माणसांच्या सह्या घ्याव्या, कारण गाडीत बसणारी लेकरे कोणत्या एका धर्माची नसतात. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांस व एक जिल्हा परिषदेस पाठवावी, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुन्हा उभे राहून तिचे काय झाले ते विचारावे.

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही पुरे करतो. त्या सभेत सावकारांनी सर्व परत देण्याचे कबूल केल्यावर नहेम्याने आपल्या वस्त्राचा ओचा झटकला, व जो हे वचन पाळणार नाही त्यास देव असेच झटकून टाको, असे म्हटले. तेव्हा सर्व मंडळीने आमेन म्हटले व परमेश्वराचे स्तवन केले; आणि लोकांनी त्या वचनाप्रमाणे केले, असे तेथे लिहिले आहे. आम्ही दर रविवारी प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतो व घरी जातो. त्या दिवशी यरुशलेमेत जे आमेन झाले ते ठरावाच्या शेवटी झाले होते, आणि त्यानंतर लेकरे घरी परत आली.

पोरगी कुठं ठेवू, असे त्या आईने आम्हांस विचारले होते. ह्या दसऱ्यास पुन्हा कोणी आई आपल्या पाळकास हे विचारील. तोपर्यंत तिच्यासाठी गावात एक पेटलेली चूल, एक दार असलेली खोली व एक उघडी शाळा असावी, असे देव आम्हां सर्वांच्या हातून घडवो.

आमेन.